मशीनला विठूचा हात चालत नाही

माझ्या वडिलांचा हात मशीनला चालत नाही, असं बाळारामशेठनी जाहीर केलं तो मंगळवार होता. दसरा रविवारी झाला होता. म्हणजे मशीनला हे मत बनवायला दोनच दिवस लागले.

मशीन म्हणजे गाडीच्या खोलीचं दार उघडणारं आणि मिटणारं मशीन. कोन गावात, कल्याण रस्त्यापासून थोडं आत, बाळारामशेठचा तीन मजली बंगला आहे, आणि त्याच्या तळमजल्यावर सगळ्यात मोठी खोली गाडीला दिलेली आहे. शेठच्या गोदामातला एक भाडेकरू परदेशातून जुनं सामान आणून विकायचा. तो गाळा सोडून गेला तेव्हा मागे राहिलेल्या पसाऱ्यात हे मशीन निघालं: छताला टांगायचा डबा, सायकलच्या चेनसारखी लांब चेन, आडव्या पट्ट्यांचं दार, एक रिमोट आणि अडतीस पानांचं इंग्रजी पुस्तक. डब्यावरच्या पट्टीप्रमाणे त्याचा जन्म १९९४चा. परदेशातल्या कोणीतरी तेरा वर्षांच्या नोकरीनंतर त्याला मोकळं केलं आणि २००७ साली त्याची कोनला नेमणूक झाली. ते एकशेदहा व्होल्टवर चालतं, आपल्या दोनशेवीसवर नाही, हे डब्यावर आकड्यात लिहिलं होतं म्हणून बरं. शब्दात असतं तर पहिल्याच दिवशी जळालं असतं.

दार बसल्यावर शेठनी पेंटरकडून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘गॅरेज’ लिहून घेतलं. पुढचा महिनाभर लोक पंक्चर काढायला येत राहिले. एक रिक्षावाला रिक्षा ढकलत थेट आत आला आणि त्याने कमळाकाकींना, म्हणजे शेठच्या बायकोला, विचारलं, “उस्ताद किधर है?” मग शेठनी पुढे ‘खाजगी’ असं लिहून घेतलं. त्यावरून लोकांचा असा समज झाला की आधी ते सरकारी होतं.

माझे बाबा, विठू, अकरा वर्षं शेठचे ड्रायव्हर आहेत. आम्ही वडप्याचे कुणबी. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं हायवेवरच्या गोदामांत गोण्या उचलल्या, मणका सरकला तेव्हा त्यांनी गाडी शिकून घेतली. आता ते बावन्न वर्षांचे आहेत आणि डॉक्टरांनी त्यांना भरलेली बादली उचलायलाही मनाई केली आहे.

येत्या रविवारी शेठच्या मुलीला, विनिताला, वज्रेश्वरीकडची मंडळी बघायला येणार होती. शेठनी कार्यक्रम आखला होता. मुलाच्या वडिलांना नाक्यावरून आपल्या गाडीत घ्यायचं. बंगल्यासमोर येताच बाबांनी गाडीतून न उतरता रिमोटने दार उघडायचं, गाडी आत घ्यायची आणि आत बसूनच रिमोटने दार मिटायचं. बाकीची मंडळी ओट्यावरून हे बघतील. मुलगी त्यानंतर बघतील.

“रविवारी दार मिटलं न्हाय,” शेठ बाबांना म्हणाले, “तर सोमवारपासून तू वडप्याच्या गोदामात. लोडिंगला. तितं दार सदा उघडंच असतं.”

बाबांनी हे घरी येऊन सांगितलं. माझी आई, ठकुबाई, भाकरी थापत होती. ती थांबली नाही.

“मशीनला हात चालत न्हाय होय,” ती म्हणाली. “मग पाय लावून बगायचा.”

बाबा हसले नाहीत. ते जेवलेही थोडंच. रात्रभर कूस बदलताना त्यांच्या तोंडून मणक्यामुळे जो आवाज निघतो तो मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या रात्री तो जास्त वेळा आला.

मी जूनमध्ये भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. तेव्हापासून वडप्यात ज्याचा मिक्सर बिघडतो तो आमच्या दारात येतो आणि मिक्सर दुरुस्त झाला नाही तर शिक्षणावर बोलून जातो. बुधवारी मी मल्टिमीटर पिशवीत टाकला आणि बाबांबरोबर कोनला गेले.

वीज दुपारी एकला आली. शेठ खुर्ची टाकून दारासमोर बसले होते. पलीकडे दामू उभा होता. दामू हा कोनचा इलेक्ट्रिशियन. त्याच्या मते जगातल्या सगळ्या बिघाडांचं मूळ एकच, कार्बन. सजीवांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे.

“ही रीमा, माजी पोरगी,” बाबा म्हणाले. “शेट, तिला जरा बगू द्या.”

“बगू दे की. आपन काय लपवतो?” शेठ म्हणाले. “बग पोरी. तुज्या डोळ्यानं बग, मंग बोल. विठू, रिमोट दाब.”

दार वर होतं. बाबांनी रिमोट दाबला. दार हातभर खाली आलं, थबकलं आणि आल्या वाटेने वर गेलं. छतावरच्या डब्यातला बल्ब मिचकायला लागला.

“आता भितीवरचं बटन.”

बाबांनी भिंतीवरचं बटण दाबलं. तेच झालं.

“आता हिकडं बग.” शेठ उठले, बटणापाशी गेले आणि त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. दार खडखडत खाली आलं आणि जमिनीला टेकलं. मग शेठनी अंगठा उचलला. “तेच मशीन, तेच बटन. मी दाबलं, मिटलं. यानं दाबलं, न्हाय मिटलं. मंग फरक कसला? बोल. शिकलेली हायस ना.”

मला मान्य करायला हवं की प्रयोग म्हणून हे वाईट नव्हतं. याहून वाईट प्रयोगांना आमच्या कॉलेजात पूर्ण गुण मिळताना मी पाहिले आहेत.

“कार्बन,” दामू म्हणाला.

“कोनच्या हातात?” कमळाकाकींनी विचारलं. त्या दारात येऊन उभ्या होत्या. “आनि तो दिवा बगितला का गो? विठूनं दाबलं का डोलं मिचकवतो. मशीन हसतंय त्याला.”

मी शेठना म्हटलं, “काका, परत एकदा दाबाल?”

त्यांनी आनंदाने दाबलं, एकदा उघडायला आणि एकदा मिटायला. मी दाराकडे न बघता त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. शेठची बटण दाबायची एक पद्धत आहे. लिफ्ट असो, दारावरची घंटा असो, काम होईपर्यंत बोट उचलायचं नाही. बाबांची पद्धत वेगळी आहे. ते बटणाला नुसतं शिवतात, झोपलेल्या माणसाला उठवावं का नको अशा बेताने, आणि हात मागे घेतात.

म्हणजे शेठच्या प्रयोगात एक नाही, दोन गोष्टी बदलत होत्या. हात आणि वेळ.

“बाबा,” मी म्हटलं, “दार वर करा. आता मिटताना बटण दाबून ठेवा. टेकेपर्यंत बोट उचलू नका.”

बाबांनी दाबलं. दार हातभर आलं आणि त्यांनी बोट उचललं.

“उचललंत तुम्ही.”

“अगं, शेटच्या वस्तूवर इतका टाइम बोट ठेवून कसं चालंल?”

“ठेव,” शेठ म्हणाले. त्यांना आता मजा वाटत होती.

बाबांनी पुन्हा दाबलं. या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले, इंजेक्शनला मिटतात तसे. दार खडखडत खाली आलं आणि टेकलं. बाबांनी डोळे उघडून आधी दाराकडे आणि मग आपल्या बोटाकडे पाहिलं.



“हां,” शेठ म्हणाले. “तू सांगितलंस म्हनून ऐकलं त्यानं. पन ते बटनाचं झालं. रिमोटचं काय? रविवारी भित गाडीत घालून आनील का तुजा बाप?”

“रिमोट तुम्ही दाबून बघितलात का?”

“मी कशाला? ती ड्रायवरची ड्युटी हाय.”

म्हणजे शेठचा हात आणि रिमोट हा प्रयोग झालेलाच नव्हता. मी आग्रह धरला. शेठनी गळ्यातली साखळी नीट केली, रिमोट हातात घेतला आणि दाबून धरला. दार हातभर खाली आलं आणि वर गेलं. बल्ब मिचकला.

“विठूच्या खिशात राहून बिघडला असंल,” शेठ म्हणाले. “घाम लागून.”

“कार्बन,” दामू म्हणाला. “सेल मी दोनदा बदलले.”

“पण त्याच रिमोटने दार उघडतं,” मी म्हटलं. “बिघडला असता तर उघडलंही नसतं. रिमोट सांगतो ते मशीनला ऐकू येतं. मिटायला ते स्वतःच नाही म्हणतंय. आणि काका, बल्ब दर वेळी मोजून दहादा मिचकतो. हसणारा माणूस मोजून हसत नाही. याचं पुस्तक कुठे आहे?”

पुस्तक देवघरात होतं. दसऱ्याला सरस्वतीच्या पाटीशेजारी त्याचीही पूजा झाली होती. मुखपृष्ठावर हळद-कुंकू होतं आणि पानांत झेंडूची पाकळी. ते वाचलं मात्र कोणी नव्हतं. शेठच्या मुलाने, दीपेशने, फक्त कशाला किती स्क्रू लागतात ते चित्रात बघितलं होतं. एकतिसाव्या पानावर तक्ता होता. दार उघडतं पण मिटत नाही, बल्ब दहा वेळा मिचकतो: दोन डोळ्यांच्या मधल्या वाटेत अडथळा आहे. भिंतीवरचं बटण दाबून धरल्यास अडथळा असतानाही दार मिटेल.

हे डोळे दाराच्या दोन बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर असतात. काड्यापेटीएवढ्या दोन डब्या. एक डोळा न दिसणारा प्रकाश सोडतो, समोरचा तो घेतो. मध्ये मूल आलं, कुत्रं आलं, तर प्रकाश अडतो आणि दार खाली येत नाही. तेरा वर्षं जुनं मशीन, पण कोणाच्या अंगावर पडायचं नाही एवढी अक्कल त्याला कारखान्यातूनच मिळाली होती.

मी गुडघ्यावर बसले आणि उजवा डोळा पाहिला. मग डावा.

दोन्ही डोळ्यांवर, बरोबर काचेच्या मध्यावर, अंगठ्याएवढे कुंकवाचे ठसठशीत टिळे होते. खाली हळद. वर, वाळून चिकटलेल्या, तीन-तीन अक्षता.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शेठ घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतात. गाडी, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, मागच्या शेडमधले चार लूम. यंदा हे नवं आलं होतं. कुंकू लावायचं तर कपाळाला, आणि कपाळ सापडत नसेल तर निदान तोंडाला. या मशीनला सगळ्या अंगात चेहऱ्यासारखं काही असेल तर ते हे दोन डोळेच होते.

मला आधी खात्री हवी होती. लाल रंगातून असा प्रकाश बराचसा पार होतो. नुसतं कुंकू पातळ लावलं असतं तर कदाचित चाललंही असतं. म्हणून मी दीपेशचा कॅमेऱ्याचा मोबाइल मागितला. टीव्हीच्या रिमोटचं टोक त्यासमोर धरून बटण दाबलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला.

“आयला,” दीपेश म्हणाला. “हा रोज असा पेटतो?”

“रोज. आता हा बघ.” मी मोबाइल प्रकाश सोडणाऱ्या डोळ्यासमोर धरला. ठिपका नाही. बाजूने अगदी कडेला एक फिकट रेघ, दाराखालून येणाऱ्या उजेडासारखी. “हे झाकलंय. आणि समोरचा डोळाही झाकलाय. मशीनला वाटतंय दारात कोणीतरी उभं आहे. चार दिवस.”

मी उठून शेठना सांगितलं. जमेल तेवढं साधं सांगितलं. बाबांचा हात नाही, रिमोट नाही, कार्बन नाही. कुंकू. ओलं फडकं घेतलं की दोन मिनिटांचं काम.

मला वाटलं होतं की सगळे हसतील.

“म्हंजे काय करायचं?” कमळाकाकींनी विचारलं.

“पुसायचं.”

“काय पुसायचं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मग मला कळलं की मी काय म्हणणार होते. शेठच्या दारात, शेठच्या बायकोसमोर, शेठनी स्वतःच्या हाताने लावलेलं सणाचं कुंकू पुसा.

कमळाकाकींचा हात कपाळाकडे गेला होता. “पोरी, तुज्या आयनं शिकवलं न्हाय का काय? आनि घरात सोयरीक यायची हाय. ह्या आठवड्यात कुकू पुसायचं?”

शेठ खुर्चीत बसले. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा हिशेब चुकलेल्या माणसाचा भाव आला. मी त्यांना दुखावलं असं नव्हे, घाबरवलं होतं. आदल्याच दिवशी ज्या माणसाचा हात अपशकुनी ठरवून झाला होता त्याच्या हाताचा काही दोष नव्हता, दोष आपल्या अंगठ्याचा होता. आणि तो दुरुस्त करायचा तर स्वतःच्या हाताने लावलेलं कुंकू पुसायला लागणार होतं.

“आपोआप नाय पडनार?” त्यांनी विचारलं.

“चांगलं लागलंय,” मी म्हटलं. “पावसाचे दिवस संपले. रविवारपर्यंत पडणार नाही.”

“दामू, तू पूस.”

“मी?” दामू दोन पावलं मागे सरकला. “शेट, घरी बायको हाय माजी. करंट असंल तर सांगा, हात घालतो.”

“विठू.”

बाबा पुढे झाले. मी त्यांचं मनगट धरलं. त्यानंतर शेठला साधी शिंक आली तरी त्याचं कारण या घराला माहीत असणार होतं.

“बाबा नाही पुसणार,” मी म्हटलं. “मी पुसते.”

“कुवार पोर तू,” कमळाकाकी म्हणाल्या. “तुला तरी कसा लावू देऊ हात. एक काम करू. पुसायचं म्हनायचंच न्हाय. वाढवायचं म्हनू. नारळ आपन फोडतो का? वाढवतो. बांगडी फुटत न्हाय, वाढते. दुकान बंद केलं का दुकान वाढवलं म्हनतो. तसं कुकू वाढवू.”

“हां,” शेठ म्हणाले. “ते ठीक हाय. पन वाढवनार कोन?”

कमळाकाकींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग शेठनी पाहिलं. मग दीपेशने आपल्या पायांकडे पाहिलं.

दारात जानकीबाई उभ्या होत्या, हातात निवडायच्या तांदळाचं ताट घेऊन. जानकीबाई म्हणजे शेठच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ रेतीच्या बोटीवरून खाडीत पडून गेला त्याला सत्तावीस वर्षं झाली. ज्या जमिनीवर शेठची गोदामं उभी आहेत तिच्या उताऱ्यावर जानकीबाईंचंही नाव आहे, म्हणून त्यांना घरात मान आहे. मान म्हणजे त्यांना कोणी ‘जा’ म्हणत नाही. सणाच्या दिवशी त्या स्वयंपाकघरातच असतात, हे कोणाला सांगावं लागत नाही.

“जानकीबाय,” कमळाकाकी गोड आवाजात म्हणाल्या, “तुमी ऐकलं ना? तुमाला काय त्याचं बंधन न्हाय. जरा फडका घ्या आनि तेवढं वाढवा.”

जानकीबाईंनी ताट खाली ठेवलं.

“कमळे,” त्या म्हणाल्या, “नारळ वाढवतात. बांगडी वाढवतात. कुकू वाढवत न्हाईत. कुकू पुसतात. मला ठाव हाय.”

कमळाकाकींनी पदर सारखा केला.

“माजं पुसलं तवा घरात आठ बाया होत्या,” जानकीबाई पुढे म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. भाजी महाग झाली हे सांगावं तसं त्या सांगत होत्या. “एकीलाबी अडचन न्हाय वाटली. फडका वलाबी न्हवता केला. तू फडका आनून दिलास. आता चेनीवर चालनाऱ्या डब्याचं पुसायचं तर तुला शब्द सापडंना.”

“वयनी,” शेठ म्हणाले, “ते वेगळं.”

“वेगळंच. मी चालत होती, ह्यो टांगलाय.”

दामू खोकला. मला वाटतं तो हसू गिळत होता.

“तर मंग राहू दे,” शेठ जरा जोरात म्हणाले. “राहू दे तसंच. रविवारी विठू रिमोट दाबंल, मिटलं तर मिटलं. न्हाय मिटलं तर माझा शब्द मी बोललोच हाय.”

म्हणजे हात निर्दोष सिद्ध झाल्यावरही शिक्षा हातालाच. मी शेठकडे बघून काहीतरी बोलणार होते. नशीब, बाबा माझ्याकडे बघत होते. ते नुसते नाही अशी मान हलवत होते. त्यांचा एक हात मागे कमरेवर होता.

जानकीबाईंनी ते पाहिलं.

“विठू,” त्या म्हणाल्या, “गोदामात गोनी किती किलोची असते रं?”

“पन्नासाची, बाय.”

“हां.”

त्या पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावरून उतरल्या आणि उजव्या डोळ्यासमोर उकिडव्या बसल्या. पदराचं टोक त्यांनी हातात घेतलं नाही. तांब्यातल्या पाण्यात अनामिका बुडवली आणि ती काचेवर ठेवली. कुंकू भिजेपर्यंत त्या थांबल्या, कोणाला तरी गोंजारावं तशा. मग बोट गोल फिरवून त्यांनी सगळं कुंकू बोटावर घेतलं. अक्षता खाली पडल्या.

आणि ते बोट त्यांनी आपल्या कपाळाला लावलं.

कमळाकाकींच्या तोंडून आवाज निघाला, पण त्याचा शब्द झाला नाही.

जानकीबाई उठल्या, सावकाश दुसऱ्या बाजूला गेल्या, डाव्या डोळ्याचं कुंकूही तसंच घेतलं आणि पहिल्यावर लावलं. टिळा आता चांगला रुपयाएवढा झाला. काचेवर राहिलेली हळद त्यांनी दुसऱ्या बोटाने घेऊन गळ्याला लावली.

“पुसलं न्हाय,” त्या म्हणाल्या. “जागा बदलली. भावजींच्या हातचं कुकू भावजींच्या घरातच हाय.”

हे तर्काने इतकं बिनचूक होतं की मला त्यात भर घालण्यासारखं काही नव्हतं. मी फक्त पुढे होऊन दोन्ही काचा ओढणीने कोरड्या केल्या, कारण पाण्याच्या थेंबानेही प्रकाश वाकतो. डोळ्याच्या डबीवरचा छोटा हिरवा दिवा, जो चार दिवस विझलेला होता, लागला.

“बाबा, रिमोट.”

बाबांनी खिशातून रिमोट काढला. ते त्याला नेहमीसारखेच नुसते शिवले. दार खडखडत निघालं, हातभर आलं, आणखी हातभर आलं, आणि कुठेही न थबकता जमिनीला टेकलं. बल्ब मिचकला नाही.

बाबांनी दार पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. पाच वेळा. सहाव्या वेळी शेठ म्हणाले, “पुरे. चेन झिजंल.”

जानकीबाईंनी तांदळाचं ताट उचललं आणि त्या आत गेल्या. कपाळ धुवायला नाही, तांदूळ निवडायला. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, रविवारपर्यंत त्यांनी ते धुतलं नाही. कमळाकाकींना त्यांना सांगताही येईना, कारण सांगायचं तर एकच शब्द होता आणि तो त्या आठवड्यात घरात उच्चारायचा नव्हता.

रविवारी मीही गेले. काही बिघडलं तर हाताशी असावी म्हणून शेठनीच बोलावलं होतं. मला ओट्याच्या कडेला उभं केलं होतं, पिशवी लपवून.

अकराला गाडी आली. मागे शेठ आणि मुलाचे वडील, पुढे बाबा. बाबांनी गाडी थांबवली आणि काचेआडून रिमोट दाबला. दार वर गेलं. ओट्यावरच्या मंडळींनी माना वर केल्या. गाडी आत गेली. मग बराच वेळ, मी मोजले, अकरा सेकंद, काही झालं नाही, आणि मला ठाऊक होतं की आत बाबा एकदा बोटाकडे बघत असणार.

दार खाली आलं आणि टेकलं.

आतून शेठचा आवाज बाहेर ऐकू आला. “परदेशी माल हाय. पन कोनाचंबी ऐकत न्हाय. ह्या विठूचा हात लागतो त्याला. मी सोता दाबलं तरी मागं फिरतं.”

“असं?” मुलाचे वडील म्हणाले.

“मंग. अकरा वर्सं हाय माज्याकडं. सोडनार न्हाय त्याला.”

काही वेळाने विनिताला बघून झालं. मुलाची आई हळद-कुंकवाची कोयरी घेऊन घरातल्या बायकांना कुंकू लावत निघाली. कमळाकाकींना लावलं, शेजारणींना लावलं. मग ती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या जानकीबाईंसमोर आली, त्यांच्या कपाळावरचा रुपयाएवढा टिळा तिने पाहिला, आणि वाकून त्यावर आणखी एक बोट कुंकू लावलं. ओटी भरली. पाया पडली.

कमळाकाकी उभ्या होत्या. शेठ उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला थांबवायचं तर ते कुंकू कुठून आलं हे सांगायला हवं होतं, आणि ते सांगायचं तर मशीनला विठूचा हात का चालत नव्हता तेही.

“अष्टपुत्रा सौभाग्यवती भव,” जानकीबाई मुलाच्या आईला म्हणाल्या, आणि खाली वाकून तिला उठवलं.

परतीच्या वाटेवर बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. कोन मागे पडलं तेव्हा त्यांनी खिशातून रिमोट काढला. शेठनी तो आता त्यांना घरीच न्यायला सांगितला होता.

“रीमा,” ते म्हणाले, “पुढच्या दसऱ्याला शेट पुन्यांदा कुकू लावनार.”

“लावू देत. डब्यावर लावा म्हणून सांगा. छताला.”

“तितं त्यांचा हात पोचत न्हाय.”

“तुमचा पोचतो.”

बाबांनी आपला हात वर करून बघितला, बसच्या टपाखाली, जितका मणका करू देतो तितका. मग रिमोट रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवला आणि बटण लावलं.